नागीण बाहेरून येत नाही, ती आतच असते

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आम्ही फोंड्याजवळ राहतो. आई ७१ वर्षांची. चवथीच्या गडबडीत तिच्या डाव्या बरगडीखाली आग आग व्हायला लागली, आम्हाला वाटलं माटोळी बांधताना हात वर करून लचक भरली असेल, पण दोन दिवसांनी तिथंच पुरळ उठलं. शेजारच्या काकी म्हणतात ही नागीण, दोन्ही टोकं जुळली की माणूस वाचत नाही, डॉक्टरकडे नेऊ नका, उतरवणाऱ्याकडे न्या. घरात आठ महिन्यांचा नातू आहे, त्याला लागेल का?

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचलं आणि आधी तुम्हाला फोन केला, कारण मासिक छापून येईपर्यंत थांबण्यासारखी ही गोष्ट नाही. फोनवर बोललो तेच इथं सगळ्यांसाठी लिहिते. नागिणीवर अ‍ॅसायक्लोव्हिरसारखी गोळी आहे आणि ती पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर सगळ्यात चांगली. हे तीन दिवसच आपण काव लावण्यात आणि मंत्र घालण्यात घालवतो. माझ्या मामीचं पेडण्याला असंच झालं, पाच दिवस पाठीवर काव, मग दवाखाना. फोड सुकले पण दुखणं वर्षभर गेलं नाही, अंगाला ब्लाऊज लागला तरी ती कळवळायची. मला ते अजून आठवतं, म्हणून एवढं कळकळीनं सांगते. आणि पुरळ डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर असेल तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा.

आता टोकं जुळण्याचं. लहानपणी कांजिण्या होतात, फोड जातात पण व्हायरस जात नाही, तो पाठीच्या कण्याशेजारी मज्जातंतूंच्या ज्या बारीक गाठी असतात तिथं पन्नास पन्नास वर्षं गप्प पडून राहतो, आणि जागा झाला की त्याच एका नसेवरून कातडीपर्यंत येतो. डाव्या बाजूची नस डावीकडेच पुढं येते आणि पोटाच्या मध्यावर संपते, म्हणून पुरळाचा अर्धाच पट्टा दिसतो. विळखा पूर्ण होत नाही तो मंत्रामुळे नाही, नसच तिथं संपते म्हणून. प्रतिकारशक्ती फारच खालावलेल्या माणसात पुरळ अंगभर पसरू शकतं आणि ते गंभीर असतं, पण तेव्हा तर अ‍ॅडमिटच व्हावं लागतं.

हे जुनं कांजिण्यांचंच दुखणं पुन्हा उठतं, ही गोष्ट नीट मांडली ती इंग्लंडातल्या सायरनसेस्टर गावच्या एका साध्या फॅमिली डॉक्टरनं, एडगर होप-सिम्पसन त्यांचं नाव. स्वतःच्या पेशंटच्या १६ वर्षांच्या नोंदी घेऊन बसले आणि १९६५ साली लिहिलं की वय वाढतं तशी शरीराची पकड सैल होते आणि व्हायरस निसटतो. गावातल्या दवाखान्याच्या वहीतून एवढं निघालं, मला याचं फार कौतुक वाटतं.

नातवाला नागीण लागणार नाही, पण फोडांतलं पाणी लागलं तर कांजिण्या होऊ शकतात. खपल्या धरेपर्यंत फोड स्वच्छ कापडानं झाकायचे, हात धुवायचे, बाळ आजीकडे द्यायचं नाही. घरात गरोदर बाई असेल तर तिनंही लांब राहायचं.

प्रश्न: मी डिचोलीची, बारावी सायन्स. गोवर एकदा होऊन जातो, मग हर्पीस गटातले, म्हणजे नागीण-कांजिण्यांच्या व्हायरससारखे, व्हायरस शरीर कायमचे का हाकलत नाही?

उत्तर: छान विचारलंस ग. आपल्या पेशी आत जे काही बनतं त्याचे तुकडे बाहेर, पृष्ठभागावर मांडून ठेवतात, टी पेशी, म्हणजे रक्तातल्या पहारेकरी पांढऱ्या पेशी, फिरत येतात, बघतात, परका तुकडा दिसला की ती पेशी मारतात. हे तुकडे आतून वर न्यायला टॅप नावाचं एक दार असतं. ओठावर फोड आणणारा हर्पीस सिम्प्लेक्स आयसीपी४७ नावाचं प्रोटीन बनवतो आणि ते जाऊन नेमकं या दारात अडकून बसतं. मग वर मांडायला काहीच जात नाही. आणि मज्जापेशीत झोपलेला असताना तो जवळजवळ कुठलंच प्रोटीन बनवत नाही, मग पकडणार कशावरून?

पण शरीर तिथंही पहारा ठेवतं. पिट्सबर्गच्या रॉबर्ट हेंड्रिक्स यांच्या गटानं २००८ मध्ये उंदरांत दाखवलं की टी पेशी त्या मज्जापेशींना चिकटून बसतात आणि ग्रॅन्झाइम बी नावाचं एन्झाइम आत सोडतात, ते व्हायरसला जागं व्हायला लागणारं एक प्रोटीन तोडून टाकतं आणि मज्जापेशी मात्र मरत नाही. पुन्हा नवी होणार नाही अशी पेशी मारायची नाही, व्हायरसला फक्त दाबून ठेवायचं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती.

प्रश्न: साखळीहून. वय ५६, डायबेटिस आहे. नागिणीची लस घेऊ का?

उत्तर: घ्या, तुमच्या डॉक्टरशी बोलून. शिंग्रिक्स भारतात २०२३ पासून मिळते, दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने. जिवंत व्हायरस नाही, त्याचं एकच प्रोटीन आहे आणि सोबत टी पेशींना जागं करणारं मिश्रण, त्यातला एक घटक चिलीतल्या एका झाडाच्या सालीतून येतो. पन्नाशीपुढच्या लोकांवरच्या मोठ्या चाचणीत ९७ टक्के संरक्षण मिळालं होतं. महाग आहे, आणि दंड दोन दिवस चांगलाच दुखतो, एखाद दिवस तापही येतो, त्याला घाबरून दुसरा डोस चुकवू नका.