नाही, ती ‘शेवटची इच्छा’ नसते

तुम्ही विचारलंय की पुतणीला ब्लड कॅन्सर आहे, डॉक्टरांनी इच्छा पूर्ण करणाऱ्या संस्थेत तिचं नाव द्यायला सुचवलंय, म्हणजे त्यांनी आशा सोडली का?

तसं अजिबात नाही. मी अशा कामात सहा वर्षं स्वयंसेवक आहे. हाच प्रश्न आम्हाला घरोघरी विचारतात, तोही निघताना दारात, मुलाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात.

गैरसमज व्हायला कारणही आहे, कारण या कामाची सुरुवातच तशी झाली. १९८० साली अमेरिकेत ॲरिझोनामध्ये क्रिस नावाच्या सात वर्षांच्या मुलाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, होता आणि त्याला पोलीस व्हायचं होतं. तिथल्या पोलिसांनी त्याच्या मापाचा गणवेश शिवून घेतला, त्याला हेलिकॉप्टरमधून फिरवलं. त्यानंतर काही दिवसांतच तो गेला. ‘मेक-अ-विश’ ही आजारी मुलांच्या इच्छा पूर्ण करणारी संस्था उभी राहिली ती यातून. पण आज तिथे निकष आहे तो आजार किती गंभीर आहे याचा. मूल किती दिवसांचं सोबती आहे, याचा नाही. वय साधारण अडीच ते अठरा, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा होकार. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पाच वर्षांच्या माइल्स स्कॉटने बॅटमॅनसारखा पोशाख घालून ‘शहर वाचवलं’, त्याला बघायला हजारो लोक रस्त्यावर आले. त्याची केमोथेरपी तेव्हा पूर्णही झाली होती.

खरी अडचण वेगळीच असते. मुलाची इच्छा नेमकी कोणती, हे कळायला वेळ लागतो. आम्ही दोघं जातो. एक जण आईवडिलांकडून फॉर्म भरून घेतो, दुसरा मुलाशी गप्पा मारतो. एका नऊ वर्षांच्या मुलाने मला विचारायच्या आत सांगून टाकलं, “लॅपटॉप.” सांगताना नजर वडिलांकडे. वडील सही करायला बाहेर गेले, तसा तो चित्रांची वही उघडून बसला. पानोपानी रोड रोलर. पुढचं चाक इतकं मोठं की कागदात मावत नव्हतं. “हा चालवायला लायसन्स लागतं का हो?” त्याने विचारलं.

रोलर मिळवायला फार त्रास झाला नाही, तारीख ठरवायला झाला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या की डॉक्टर गर्दीत, धुळीत जाऊ देत नाहीत. दोनदा पुढे ढकलावं लागलं. शेवटी मास्क आणि पिवळं हेल्मेट घालून तो ड्रायव्हरच्या मांडीवर बसला, आणि एक रिकामं मैदान त्याने तीन वेळा सपाट केलं. लॅपटॉप कुणाला आठवलाही नाही.

तेव्हा डॉक्टरांना हो सांगा, आणि आत्ताच सांगा, कारण यात महिने जातात. कुटुंबाकडून पैसे घेतले जात नाहीत. कुणी मागितले तर तिथून उठा. फोटो नको असतील तर स्पष्ट नाही म्हणा. (काही देणगीदारांना मुलापेक्षा फोटोचीच घाई असते, हे माझं वैयक्तिक मत.) पुतणीला आधीच काही सुचवून ठेवू नका, आणि स्वयंसेवक घरी आले की थोडा वेळ सगळ्यांनी दुसऱ्या खोलीत जा.