तिसऱ्या घंटेच्या आधी ये

सांगली,
रविवार, 2 नोव्हेंबर 2025

पोरी,

अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तुझा मेसेज आला, "काका, सांगलीत बघायला काही नसतंच. पुण्यात कसं रोज काहीतरी असतं." उत्तर त्याच रात्री लिहायला घेतलं होतं. पण रागाच्या भरात लिहिलेलं दुसऱ्या दिवशी आपल्यालाच वाचवत नाही, म्हणून ते फाडलं आणि थोडे दिवस जाऊ दिले.

पुण्यात रोज असतं, हे खरंच आहे. फोनवर तिकीट काढायचं, रिक्षा करायची, खुर्चीत जाऊन बसायचं. इथं कार्यक्रमाची बातमी पेपरच्या आतल्या पानावर चार ओळींत येते, नाहीतर कुणाच्या तरी व्हॉट्सअॅपवर दोन तास आधी फिरते, आणि त्यातही वेळ चुकलेली असते. मलाही याचा वैताग येतो. चाळीस वर्षं येतोय. पण एक गोष्ट इथं आहे जी तिथं तिकीट काढूनही मिळत नाही. इथं मागच्या दारानं आत जाता येतं. कुणी अडवत नाही, उलट खुर्च्या उचलायला लावतात. तू अजून पुढच्या दारानंच येतेस आणि आत काही नाही म्हणून परत जातेस. निदान या आठवड्यात तरी माझं ऐक.

बुधवारी 5 तारीख. गुरुनानक जयंतीची सुट्टी आहे, त्यामुळे कॉलेजची सबब चालणार नाही. 5 नोव्हेंबर 1843 ला विष्णुदास भाव्यांनी इथं संस्थानच्या दरबारापुढे 'सीतास्वयंवर' केलं, म्हणून हा रंगभूमी दिन. एवढं तुला शाळेत शिकवलं असेल. त्याच्या मागचं पुढचं बहुधा शिकवलं नसेल. आदल्या वर्षी कर्नाटकातून पौराणिक खेळ करणारी भागवत मंडळी आली होती. त्यांचे खेळ बघून राजेसाहेब चिंतामणराव पटवर्धनांनी भाव्यांना सांगितलं, असं काहीतरी आपल्या भाषेत बसवा, पण जरा नेटकं. भावे तेव्हा विशी-पंचविशीतला पोरगा. गाणी त्यानंच रचली, माणसं त्यानंच जमवली, शिकवलं त्यानंच. 1851 मध्ये चिंतामणराव गेले, दरबाराचा आधार तुटला आणि मंडळी घेऊन भावे बाहेर पडले. 1853 मध्ये मुंबईत प्रयोग झाले. म्हणजे मराठी नाटक सांगलीत जन्मलं आणि दहा वर्षांत पोटापाण्यासाठी मुंबईला गेलं. तुझं गाऱ्हाणं पावणेदोनशे वर्षांचं जुनं आहे गं, तू नवीन काही सांगत नाहीयेस.

बुधवारी भावे नाट्यमंदिरात गौरवपदकाचा सोहळा असतो. मोठा रंगकर्मी येतो, हॉल भरतो. जरूर ये, पण माझं मत विचारशील तर भाषणं आणि हारतुरे थोडे कमी चालतील. मला त्या दिवसातलं आवडतं ते नटराजपूजन. गावातले सगळे नाटकवाले एकत्र दिसतात. पेटी वाजवणारे, रंगभूषा करणारे, पडदा ओढून ओढून खांदे गेलेले. कुणीतरी नांदी धरतं आणि ज्यांचा आवाज कधीच फुटलाय तेसुद्धा मागून गातात. त्या घोळक्यात उभी राहा. ओळखी होतील, आणि इथं ओळखीशिवाय काही कळत नाही, हेही तुला एव्हाना कळलं असेलच.

पण बुधवारच्याही आधी, उद्या किंवा परवा रात्री, तालमीला ये. खरं सांगायचं तर या पत्राचं कारण तेच. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी तोंडावर आली की गावातल्या निम्म्या शाळा रात्री आठनंतर नाटकवाल्यांच्या असतात. दिवसभर बँकेत, दुकानात, एमआयडीसीत राबून माणसं येतात. बाकं भिंतीला लावतात आणि फरशीवर खडूनं नेपथ्य आखतात. इथं दार, इथं खिडकी, हा जिना. पहिले दोन दिवस सगळे खडूच्या भिंतीतून आरपार जातात. मग एक दिवस एखादी बाई दाराशी थांबते, नसलेली कडी काढते आणि आत येते. ते मी किती वेळा बघितलं असेल याचा हिशेब नाही, तरी दर वेळी अंगावर काटा येतो. प्रयोगाला लाकडी दार येतं. ते बरं असतं, पण त्या खडूच्या दाराची सर त्याला नाही.

तालमीत तुला कुणी 'या, बसा' म्हणणार नाही. कोपऱ्यात बस. कुणी संहिता हातात दिली तर प्रॉम्प्टिंग कर. चहा आला की कप वाटायला ऊठ. फोन पिशवीत ठेव, कारण अर्धवट बसलेल्या प्रवेशाचं चित्रण बाहेर गेलं की माणसं दुखावतात, आणि त्यांचं बरोबर असतं. आवडलं नाही तर त्या रात्री बोलू नकोस. दोन दिवसांनी विचारलं तर सांग.

मी असाच कोपऱ्यात बसून शिकलो. पहिल्याच स्पर्धेत माझ्या हातात प्रकाशयोजनेचा बोर्ड दिला. दुसऱ्या अंकात काळोखात नेपथ्य बदलायचं होतं. मी मनात वीसपर्यंत मोजायचं ठरवलं होतं आणि घाबरून बारालाच डिमर वर घेतला. उजेडात आमचे नायक, म्हणजे नुकतेच मेलेले वडील, खुर्ची डोक्यावर घेऊन विंगेकडे निघालेले. हॉल एवढा हसला की पुढची दहा मिनिटं शोकांतिका कुणाला ऐकू गेली नाही. नाटक पडलं ते माझ्यामुळे. पण दुसऱ्या दिवशी मला कुणी काढलं नाही. दिग्दर्शक फक्त म्हणाले, "तीसपर्यंत मोजत जा." अजून तीस मोजतो.

शनिवारी मिरजेला जा. विश्रामबागहून सिटी बस मिळते, नाहीतर वडाप, म्हणजे शेअरची जीप-रिक्षा. शुक्रवारी दुपारी जाऊ नकोस, नमाजाची वेळ असते. सतारमेकर गल्ली विचार, कुणीही दाखवेल. ही मंडळी मूळची शिकलगार, तलवारींना धार लावणारी. हत्यारांचा जमाना गेला तसे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांचे पूर्वज तंतुवाद्यांकडे वळले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानात शिरलीस की आधी भोपळे दिसतील, पंढरपूरकडून आलेले, वाळून खणखणीत झालेले, माळ्यापर्यंत रचलेले. ते बघून झालं की कुणी तंबोऱ्याची जवारी लावत असेल तिथं थांब. विचारून थांब.

कारागीर तार छेडतो. आवाज येतो तो मुका, बंद डब्यात टिचकी मारल्यासारखा. मग घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा बारीक दोरा असतो, तो नखानं केसभर पुढे सरकवतो. पुन्हा छेडतो. पुन्हा मुका. आणखी केसभर. आणि एका जागी ती तार अचानक उघडते, एका स्वरातून चार-पाच स्वर झिरपायला लागतात आणि भोपळा तुझ्या छातीत वाजतो. दोरा त्या जागेच्या जरा पुढे गेला की सगळं परत बंद. हे बघताना मी घड्याळ बघितलं नव्हतं, चहा मात्र गार झाला होता. घासाघीस करायला जाऊ नकोस, घ्यायचं नसेल तर तसं आधीच सांग. रागावत नाहीत. उलट न घेणाऱ्याला जास्त वेळ देतात, असा माझा अनुभव.

तिथवर गेलीसच तर ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात जाऊन ये. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब, त्यांची कबर तिथं आहे. 1937 मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेतच ते वारले आणि त्यांना मिरजेत आणलं. उरुसाला तिथं संगीत सभा होते, मोठमोठे गवई हजेरी लावून जातात. आत्ता उरूस नाही, म्हणजे शांतता मिळेल.

हरिपूरचं थोडक्यात सांगतो, कारण तिथं बघायचं असं फारसं नाही. बुधवारी त्रिपुरी पौर्णिमाही आहे. संध्याकाळी चिंचांच्या रस्त्यानं संगमेश्वरापर्यंत ये, कृष्णा आणि वारणा मिळतात तिथं पाण्यात दिवे दिसतील. 'शारदा'चे गोविंद बल्लाळ देवल या गावचे. 1899 चं नाटक, म्हाताऱ्याला कोवळी पोरगी द्यायला निघालेल्या बापाचं. तू वाचलं नसशील. नगरवाचनालयात मिळतं का बघ. 2019 च्या पुरात तिथली हजारो पुस्तकं चिखल झाली. त्या दिवसांत रस्त्यावर पडलेला ओल्या कागदाचा ढीग मी बघितलाय, त्यावर जास्त लिहीत नाही. मिळालं तर आण, नाही मिळालं तर माझी प्रत देतो, पण ती परत हवी.

एवढं सगळं एका आठवड्यात होणार नाही, तुझी सबमिशन्स असतील. मग बाकीचं राहू दे, सोहळासुद्धा राहू दे, तालीम चुकवू नकोस. उद्या रात्री साडेआठला मी विश्रामबाग चौकात स्कूटर घेऊन थांबतो. जेवून ये, तिथं फक्त भडंग असतं आणि तेही पहिल्या अर्ध्या तासात संपतं. आणि त्या टकटक वाजणाऱ्या सँडल घालू नकोस. परवा आमच्या विंगेतली पोरगी आजारी पडलीय, तिच्या जागी तुला उभी करायचं ठरवलंय.

तुझा,
काका