'लगदा साहित्य' म्हणावं का?

नाशिकच्या एका भाषांतरकार ताईंची विचारणा आहे. १९५०च्या दशकात पेपरबॅक कादंबऱ्या लिहून घर चालवलेल्या एका अमेरिकी लेखकाच्या आठवणी त्या मराठीत आणताहेत. लेखक आपल्या जुन्या, स्वस्तात खपणाऱ्या पुस्तकांना 'पल्प' म्हणजे लगदा म्हणतो. हिंदीत 'लुगदी साहित्य' आहे, तसं मराठीत 'लगदा साहित्य' चालेल का? आणि तो भराभर लिहायचा, त्या लिहिण्याला काय म्हणावं?

ताई, लगदा नको. हिंदीत लुगदी रुळली आहे. आपल्याकडे लगदा म्हटलं की भात बिघडलेला असतो, नाहीतर भाद्रपदातले कागदी लगद्याचे गणपती आठवतात. साहित्य काही डोळ्यांपुढे येत नाही.

शिवाय पल्प हा मुळात कागदाचा प्रकार. अमेरिकी प्रकाशक फ्रँक मन्सीने १८९६ साली 'आर्गोसी' मासिक लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदावर छापायला घेतलं, तिथून ही मासिकं फोफावली. त्या कागदात लाकडातलं लिग्निन हे द्रव्य राहतं, म्हणून तो पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. (नोटेचा कागद कापसाचा असतो, हे नोटांच्या छापखान्याशेजारी राहणाऱ्या नाशिकरोडकरांना सांगायला नको.) म्हणजे पल्प हे आधी मासिक होतं, पुस्तक नव्हे. १९५०च्या सुमारास ही मासिकं बंद पडू लागली आणि त्यांत लिहिणारे पुष्कळ जण पेपरबॅककडे वळले. फॉसेट ही अमेरिकी प्रकाशन कंपनी दुसऱ्या प्रकाशनाची पुस्तकं वितरित करायची. त्या करारामुळे तिला पुनर्मुद्रणं काढता येत नव्हती, म्हणून 'गोल्ड मेडल' मालेत तिने नव्या कादंबऱ्या थेट पेपरबॅकमध्ये आणल्या. लेखकाचं मानधन खपावर नव्हे, छापलेल्या प्रतींवर. तेव्हा तुमचा लेखक मासिकाबद्दल बोलत असेल तिथे 'पल्प मासिकं' आणि पुस्तकाबद्दल असेल तिथे 'पेपरबॅक' लिहा. 'गल्लाभरू' मोहात पाडेल, पण तो शब्द निर्मात्याला शोभतो. इथे गल्ला लेखकाचा नव्हताच.

आपण अशा पुस्तकांना विषयावरून नाव दिलं: रहस्यकथा. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर लिहिल्या. त्यांचे नायक झुंजार आणि काळापहाड यांच्या कथा वाचणाऱ्यांनी कागद कुठला ते कधी विचारलं नाही. मात्र तुमच्या लेखकाने काउबॉयच्या कथाही लिहिल्या असतील, तर 'रहस्यकथा' सगळीकडे चिकटवू नका.

भराभर लिहिण्यासाठी 'पाडणे' हे क्रियापद घ्या. विटा पाडतात, नाणी पाडतात, जिलब्या पाडतात. साचा आणि ढीग दोन्ही त्यात आले. 'महिन्याला एक कादंबरी पाडायचो' यात फुशारकीही आहे आणि ओशाळलेपणही, आणि म्हातारपणी मागे वळून पाहणाऱ्या लेखकाचा सूर बहुधा तोच असतो. 'पाट्या टाकणे' मात्र टाळा. त्यात कामचुकारपणा आहे, आणि हा माणूस तर राबत होता. पहिलाच खर्डा न सुधारता छापायला दिला असं तो सांगतो, तिथे 'एकटाकी' लिहा. टाइपरायटरवर बसलेल्याला टाक कुठला, अशी शंका कुणी काढेल, काढू द्या. मराठीत हा शब्द कौतुकाचा आहे आणि तिथे त्याला थोडं कौतुक हवंच आहे.

'हॅक'ला, म्हणजे पैशासाठी मागेल ते लिहिणाऱ्याला, 'भाडोत्री लेखक' म्हटलं की दुसऱ्याच्या नावाने लिहिणारा वाटतो. 'पोटार्थी' बरा, त्याहून 'पोटासाठी लिहायचो' हे साधं वाक्य बरं. आणि पुस्तकाची किंमत २५ सेंटच राहू द्या, तिचे चार आणे करू नका.