दोन महिने झाले मावशी, बायबल उघडलं नाही

पत्र:

मावशी, सलाम. वय 43, नगर जिल्ह्यातल्या एका गावात राहते. माझ्या मिस्टरांच्या दोन्ही किडन्या मागच्या वर्षी गेल्या, आता मंगळवार गुरुवार शनिवार डायलिसिस असतं, सकाळी सातला मशीनवर घेतात. घरी सासूबाई आणि शाळेतली दोन मुलं. मी पंधरा वर्षं रोज पहाटे पाचला उठून बायबल वाचून मनन करायची, एक दिवस चुकवला नाही. आता दोन महिने झाले बायबल उघडलं नाही, उघडलं की राग येतो. रविवारी मंडळीत, चर्चमध्ये, उभी राहते पण गाणं तोंडातून निघत नाही. ग्रुपवर रोज सकाळी वचन येतं ते न वाचता डिलीट करते आणि मग दिवसभर भीती वाटत राहते. महिला मंडळातली एक बहीण म्हणाली कुठेतरी लपलेलं पाप असेल, कबूल करा. थोरले दीर म्हणतात पुढच्या महिन्यात आरोग्यसभा आहे, आजार बरे व्हावेत म्हणून प्रार्थना करतात ती, तिकडे नेऊ, पण त्याआधी डायलिसिस बंद करून विश्वास दाखवावा लागेल. ह्यांनाही आता ते पटायला लागलंय. माझा विश्वास कमी पडला म्हणून हे सगळं होतंय का? कधी कधी वाटतं सकाळी उठूच नये.

उत्तर:

बाळा, सलाम.

एक गोष्ट आधी सांगते, बाकीचं उत्तर रात्री निवांत वाचलंस तरी चालेल. डायलिसिस एकही चुकवायचं नाही. मी 27 वर्षं नर्स होते, वॉर्डात हे डोळ्यांनी पाहिलंय. किडनी काम करत नसली की रक्तात पोटॅशियम साचत जातं आणि ते थेट हृदयाच्या ठोक्यावर येतं, अंगातलं पाणी फुप्फुसात चढतं, माणसाला आडवं झोपता येत नाही, रात्रभर उशीला टेकून बसून धापा टाकतो, आणि ह्याला महिने लागत नाहीत गं, काही दिवसांत होतं. दिरांचं मन वाईट नाही, त्यांना भाऊ बरा झालेला बघायचाय, ते मला समजतं. पण त्यांना मत्तयाचा चौथा अध्याय वाचायला दे. सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेऊन म्हणतो, खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील, आणि हे सांगताना तो स्तोत्रातलंच वचन काढून दाखवतो. येशू उडी टाकत नाही. म्हणतो देवाची परीक्षा पाहू नको. मशीन बंद करून विश्वास दाखवा म्हणणं म्हणजे त्याच शिखरावरून उडी मारायला सांगणं आहे, आणि तीही दुसऱ्याला.

आणि येशूचा संदेश गावोगाव नेणाऱ्या पौलाबरोबर कोण फिरत होतं ते पण दिरांना विचार. लूक. प्रिय वैद्य लूक म्हणून पौलानेच लिहून ठेवलंय. तीमथ्याला दुसऱ्या पत्राच्या शेवटी तो अगदी साधं एक वाक्य लिहितो, की त्रफिम आजारी पडला म्हणून त्याला मिलेतात ठेवून आलो. एवढंच. पौलाच्या हातून कितीतरी लोक बरे झाले आणि स्वतःच्या सोबत्याला मात्र आजारी ठेवून पुढे जावं लागलं, आणि त्याचा विश्वास कमी पडला असा एक शब्दही पौल लिहीत नाही. सभेला जायचं तर जा, प्रार्थना करून घ्या, पण डायलिसिस नसेल त्याच दिवशी जा. आणि हे दिरांशी तू एकटीने बोलू नकोस, पाळकांना, म्हणजे मंडळीच्या पाद्रींना, घरी बोलव आणि जमलं तर डायलिसिसच्या डॉक्टरांचा फोन लावून सगळ्यांसमोर स्पीकरवर ठेव.

आता लपलेल्या पापाचं. तुझ्या पत्रातलं हे वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ नुसती बसले. जन्मापासून आंधळ्या माणसाला बघून शिष्यांनी हेच विचारलं होतं, पाप कोणाचं, ह्याचं का ह्याच्या आईबापाचं? येशू म्हणाला ह्याचंही नाही आणि त्यांचंही नाही. दोन हजार वर्षं झाली तरी आपल्या मंडळ्यांमध्ये तोच प्रश्न घेऊन लोक आजारी माणसाच्या दारात जातात. पंडिता रमाबाईंचं बघ. 1870च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेले, 1880 मध्ये भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तर 1882 मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला, पदरात तान्ही मनोरमा. मग प्रभूकडे आल्या, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळातल्या शेकडो मुलीबाळींना पोटाशी धरलं, आणि तरीही 1921 च्या जुलैमध्ये ती एकुलती एक मनोरमा पण गेली. नऊ महिन्यांच्या आत त्या स्वतःही गेल्या, बायबलचं मराठी भाषांतर उरकत आणून. त्या बहिणीला विचार, रमाबाईंचं कुठलं पाप लपलेलं होतं?

हे मी रागाने लिहितेय, लिहू दे. आमच्या घरात पण हे झालंय. 1983 साली माझा धाकटा भाऊ मेंदूच्या टीबीने गेला, अकरा वर्षांचा होता. मातीला आलेल्या एकाने आईला सांगितलं, देवाला तो जास्त आवडला. दुसऱ्याने सांगितलं, तुझी परीक्षा आहे, डळमळू नको. आई काही बोलली नाही पण त्या रविवारपासून चर्चला जायची बंद झाली. वडील समजावून थकले, पाळकसाहेब दोनदा येऊन गेले, ती चहा करून द्यायची आणि आत जाऊन बसायची. तेव्हा आमच्या मंडळीत एक बायबलबाई होत्या, घरोघरी जाऊन बायबल वाचून दाखवणाऱ्या, म्हाताऱ्या, कायम पांढरं लुगडं. दर बुधवारी दुपारी यायच्या. मला वाटायचं आता वाचन सुरू करतील, पण त्या पिशवीतून बायबल काढायच्याच नाहीत. आईच्या समोर बसायच्या, सूप ओढून घ्यायच्या आणि तांदूळ निवडायला लागायच्या. तांदूळ नसले तर डाळ, नाहीतर लसूण सोलायच्या. तासभर बसून निघून जायच्या. किती महिने हे चाललं असेल सांगता येणार नाही पण एक पावसाळा पूर्ण गेला आणि नाताळ पण गेला, आणि मग एका बुधवारी आईच म्हणाली, आज वाचा काहीतरी. बाईंनी 88वं स्तोत्र काढलं.

ते तू वाचलंयस का मुद्दाम? बहुतेक रडकी स्तोत्रं शेवटी वळतात, तरी मी तुझी स्तुती करीन वगैरे येतं. 88वं वळत नाही. तो माणूस देवाला म्हणतो तू माझे सोबती माझ्यापासून दूर केलेस, आणि अंधारावरच स्तोत्र संपतं, आमेन नाही काही नाही. आणि ते पवित्र शास्त्रात ठेवलंय. कोणीतरी देवावर इतकं चिडून बोललं आणि देवाने ते आपल्या पुस्तकात राहू दिलं, हे त्या दिवशी आईला कळलं असावं, कारण ती खूप दिवसांनी मोठ्याने रडली. बायबलमधल्या त्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचं पण तेच. त्याचे मित्र पहिले सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ गप्प जमिनीवर बसले तोपर्यंत ठीक होतं, तोंड उघडलं आणि बिघडलं. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर, जे देवाची बाजू घेऊन बोलत होते. आणि ज्याने अख्खं पुस्तकभर देवाला जाब विचारला त्या ईयोबाबद्दल म्हणतो की माझ्याविषयी जे बरोबर ते हा बोलला. तेव्हा तुझा राग घेऊन तू देवासमोर जाऊ शकतेस, आवरून, केस विंचरून, चांगलं तोंड करून जायची गरज नाही.

आता मननाचं सांगते. पंधरा वर्षं पहाटे पाचला उठणं सोपं नाही आणि ते मी कमी लेखणार नाही. पण तुझं पत्र दोनदा वाचल्यावर मला असं वाटलं की कुठेतरी ते मनन हजेरीपट झालं होतं, आणि आता दोन महिन्यांचे खाडे पडले म्हणून तुला वाटतंय की मालकाने कामावरून काढलं. असं मला पण वाटायचं, नाइट ड्यूटी करून आल्यावर डोळे मिटत असायचे तरी धाकाने अध्याय संपवायचे. बाळा, कृपा म्हणजे पगार नाही गं. खाड्याचे पैसे कापले जात नाहीत. पौलाने तीनदा विनंती केली की हा शरीरातला काटा काढ, काटा निघाला नाही, उत्तर मिळालं ते ‘माझी कृपा तुला पुरे आहे’. हे वचन लोक ग्रुपवर फुलांच्या फोटोवर टाकतात म्हणून तुला आता बोचत असेल, पण ज्याला ते मिळालं त्याचा काटा तसाच होता, दुखत होता, हे लक्षात ठेवून परत कधीतरी वाच. आज नको.

आणि कफर्णहूमचा तो पक्षाघाती आठवतो ना, ज्याला चौघांनी छप्पर उसकटून बाजेसकट खाली सोडलं? मार्क लिहितो की येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. बाजेवरचा माणूस मनात काय म्हणत होता, विश्वास होता का चिडला होता का झोपला होता, मार्क काही लिहीतच नाही. त्याला उचलून आणलं होतं. तू पंधरा वर्षं कोणाकोणाच्या बाजेचा कोपरा धरला असशील, किती जणांसाठी पहाटे प्रार्थना केल्या असशील, आता तू बाजेवर आहेस. रविवारी गाणं निघत नाही ना तोंडातून, नको काढूस. शेजारची बाई गातेय, मागच्या बाकावरची पोरं गातायत, तुझ्या वाटचं पण ते गातायत असं समज आणि नुसती बसून राहा. ग्रुप म्यूट कर, त्यात पाप नाही.

महिला मंडळाला उपास-प्रार्थनेच्या ऐवजी, म्हणजे प्रार्थना करू देत, पण त्याच्या जोडीला काम सांग. डायलिसिसच्या तीन दिवशी मुलांचा डबा कोण करेल, शनिवारी सासूबाईंजवळ कोण बसेल, हॉस्पिटलला ह्यांच्याबरोबर तुझ्याऐवजी एक दिवस कोण जाईल, नावं टाकून घे. मागायला लाजू नकोस. खर्चाचं तू काही लिहिलं नाहीस पण डायलिसिस महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं, अजून केलं नसेल तर हॉस्पिटलमध्ये योजनेची मदत करणारा आरोग्यमित्र असतो त्याला भेट, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा.

सकाळी उठूच नये असं लिहिलंयस ते मी नुसतं वाचून सोडणार नाहीये. एलीया संदेष्टा पण झुडपाखाली पडून म्हणाला होता, पुरे झालं, आता मला मरू दे. देवदूताने त्याला उपदेश केला नाही, झोपू दिलं, उठवून भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं. तुला झोप हवी, पोटभर जेवण हवं आणि डॉक्टर हवा. डॉक्टरांना हे वाक्य जसंच्या तसं सांग, किती दिवस असं वाटतंय ते पण सांग. रात्री फारच वाटलं तर 14416 ला फोन कर, टेलिमानस म्हणतात, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. प्रभूवरचा विश्वास आणि हा फोन ह्यात भांडण नाहीये.

मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सात ते अकरा ना? मी तशीही पहाटे उठतेच. त्या तीन दिवशी त्या वेळेला मी तुमच्या दोघांसाठी बसेन, तुझ्या वाटचं मी वाचेन. तू मशीनच्या बाजूच्या खुर्चीवर डोकं टेकून झोप.

मावशी