वाचकांचे प्रश्न : मळ्यातील नव्या घरासाठी इंटरनेट, फोन आणि टीव्ही

प्रश्न : नोकरीतून निवृत्त होऊन आम्ही उभयता पुण्याहून पाटण तालुक्यातील ढेबेवाडी खोऱ्यात, मूळ गावी राहायला जात आहोत. गावठाणापासून साधारण अर्धा किलोमीटरवर आमच्या मळ्यात घर बांधणे चालू आहे. स्लॅब पडला आहे, प्लास्टर व्हायचे आहे. बाहेरच्या भिंती दगडी आहेत. सोबत ऐंशी ओलांडलेल्या आई असतील, आणि मुलगा व सून महिन्यातील काही दिवस येथे राहून कंपनीचे काम करतील. तेथील एका केबलचालकाने फायबरच्या एकाच जोडणीवर इंटरनेट, फोन आणि टीव्ही वर्षभराचे आगाऊ पैसे घेऊन सवलतीत देऊ केले आहेत. गावातील काही जण मात्र छतावर बसणारे, टॉवरवरून बिनतारी नेट घेणारे एअरफायबर घ्या म्हणतात. आम्ही काय घ्यावे? — एक वाचक, ता. पाटण, जि. सातारा

उत्तर : आपण प्लास्टरच्या आधी विचारले, हे फार बरे झाले. आधी माझे मत स्पष्ट सांगतो : तिन्ही सेवा एका तारेवर घेऊ नयेत. शहरात तार तुटली तर बहुधा त्याच दिवशी जोडून मिळते, त्यामुळे तेथे एकत्र पॅकेज सोयीचे आणि स्वस्तही पडते. आपल्या खोऱ्यात ऊसतोडीच्या हंगामात भरलेल्या ट्रॉलीच्या वरच्या मोळ्यांत अडकून तीच तार तुटली, किंवा पावसाळ्यात झाड पडून खांबच आडवा झाला, तर दुरुस्तीला येणारा माणूस आणखी पाच गावांच्या तक्रारी घेऊन फिरत असतो. अशा वेळी मुलाचे काम थांबले तर ती गैरसोय आहे, पण आईंना रात्री त्रास होऊ लागला आणि घरातून १०८ किंवा ११२ लागत नाही, ही अवस्था येऊच देता कामा नये. म्हणून आधी फोनचा बंदोबस्त करावा, मग इंटरनेटचा, आणि टीव्ही शेवटी.

फायबरवरील लँडलाइन ही जुन्या लँडलाइनसारखी नसते, हे येथे लक्षात घ्यायला हवे. तांब्याच्या तारेवरील जुन्या फोनला वीज टेलिफोन एक्स्चेंजमधून त्याच तारेने मिळत असे, त्यामुळे गावात अंधार असला तरी फोन चालू राही. फायबरच्या काचेच्या धाग्यातून वीज वाहत नाही. फायबर ज्या उपकरणात येऊन संपते त्या घरातील डबीला वीज मिळेनाशी झाली की तिला जोडलेला फोनही मुका होतो. तेव्हा केबलचालक देतो तो फोन सोय म्हणून जरूर घ्यावा, पण भरवसा मोबाइलवर ठेवावा, आणि तोही दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमवर.

कोणत्या दोन कंपन्या, हे जाहिरातीवरून ठरवू नये. कंपन्यांचे व्याप्तीचे नकाशे संकेतस्थळांवर पाहायला मिळतात, पण ते उघड्यावरचे असतात. आपल्या दगडी भिंतीच्या आत काय पोचते ते नकाशा सांगत नाही. नातेवाइकांचे वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन घेऊन बांधकामावर जावे आणि स्वयंपाकघरात, आईंच्या खोलीत व जिन्याखाली उभे राहून प्रत्यक्ष बोलून पाहावे. फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत सिग्नलची ताकद डीबीएम या मापात दिसते. हा आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ४जीवर उणे ९५ पर्यंत असेल तर निश्चिंत राहावे. उणे ११० च्याही खाली गेला तर आवाज तुटणार हे धरून चालावे. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या कमी वारंवारितेच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून आतही जास्त शिरतात. ५जीसाठी बहुतेक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी भिंतीपाशी आणि झाडीपाशी लवकर क्षीण होतात. म्हणूनच अंगणात ५जी आणि माजघरात काहीच नाही, असा अनुभव अनेकांना येतो.

आणखी एक गोष्ट बहुधा कोणी सांगत नाही. दोन कंपन्यांचे अँटेना पुष्कळदा एकाच टॉवरवर असतात. महावितरणची वीज गेली आणि टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्या की दोन्ही सिम एकदमच बंद पडतात. गावात बराच वेळ वीज नसताना कोणाचा फोन चालू राहतो, एवढे शेजाऱ्यांना विचारले तरी पुरेसे उत्तर मिळते. घरात सिग्नल अगदीच कमी असेल तर फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करावे. मग साधा कॉलही घरच्या इंटरनेटवरून जातो आणि त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. मात्र ही सोय फायबर चालू असेपर्यंतच.

आता इंटरनेट. फायबर आणि एअरफायबर या दोन्हींचा पर्याय खरोखर उपलब्ध असेल तर, घरून काम करणाऱ्यांसाठी मी फायबर निवडेन, पण केबलचालकाला काही प्रश्न विचारून झाल्यावरच. भारतनेट प्रकल्पाला २०११ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हापासून ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याचे काम चालू आहे, आणि बीएसएनएलही अनेक गावांत स्थानिक भागीदारांमार्फत घरोघरी जोडण्या देते. तरी ग्रामपंचायतीत फायबर आले म्हणजे मळ्यात आले असे होत नाही. आपला प्रश्न शेवटच्या अर्ध्या किलोमीटरचा आहे. ती तार कोणत्या खांबांवरून येणार, बैलगाडीवाट ओलांडताना भरलेल्या ट्रॉलीच्या वर किती उंच राहणार, आणि वाटेत नेट पुढे वाटणारा, विजेवर चालणारा एखादा स्विच आहे का, हे विचारावे. नव्या पद्धतीच्या जाळ्यात एका धाग्यातील प्रकाश अनेक घरांना वाटणाऱ्या मधल्या स्प्लिटरला वीज लागत नाही. पण काही ठिकाणी खांबावरच्या पेटीत विजेवरचे उपकरण असते, आणि मग आपल्या घरी इन्व्हर्टर असूनही त्या पेटीची वीज गेली की नेट जाते. चालकाच्या मुख्य खोलीत बॅटऱ्यांची सोय आहे का, हेही याच ओघात विचारून घ्यावे. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा, की तार जोडण्याचे स्प्लायसिंग यंत्र त्याच्याकडे स्वतःचे आहे का, की ते कराडहून मागवावे लागते. दुरुस्ती एका दिवसात होणार की चार दिवसांनी, ते बहुधा येथेच ठरते.

जोडणी देताना तंत्रज्ञाला पॉवर मीटर लावून धाग्यातून येणाऱ्या प्रकाशाचे माप दाखवायला सांगावे. उणे १८ ते उणे २३ डीबीएमच्या आसपास असेल तर उत्तम. उणे २७ म्हणजे उपकरणाच्या क्षमतेची कड, आज चालेल पण थोडे वाकले वा ओल शिरली की बंद पडेल. तो आकडा डबीच्या पाठीवर तारखेसह लिहून ठेवावा, पुढे तक्रार करताना त्याचा फार उपयोग होतो. डबीवरचे दिवेही ओळखून ठेवावेत. ‘पॉन’चा हिरवा दिवा स्थिर असेल तर तार धडधाकट आहे, आणि तरीही नेट नसेल तर दोष पुढे चालकाकडे किंवा आपल्या राउटरच्या जोडणीत आहे. ‘एलओएस’चा लाल दिवा लुकलुकत असेल तर प्रकाशच येत नाही, बहुधा तार तुटली आहे, अशा वेळी डबी दहादा बंद-चालू करण्यात वेळ न घालवता तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक मागून घ्यावा.

एअरफायबरला खोदाई किंवा खांब लागत नाहीत, हा त्याचा मोठा गुण. छतावरील डबीला टॉवर समोर दिसत असेल तर ते चांगले चालते. मधे डोंगराची सोंड किंवा आंब्याची दाट राई असेल तर मात्र महिन्याच्या रकमेचा मोबदला मिळत नाही. ज्या कंपनीचे एअरफायबर घ्याल तिचेच सिम दोघांच्याही फोनमध्ये नसावे, कारण टॉवर गेला की सर्व एकदमच जाईल.

वेगाच्या आकड्याला भुलू नये. दोघांचे व्हिडिओ कॉल आणि शेजारच्या खोलीत चालू असलेला एक स्पष्ट चित्राचा कार्यक्रम यांना ४० ते ५० एमबीपीएस पुरेसे होतात. वेगापेक्षा खंड न पडणे मोलाचे. कंपनीच्या कामात फाइली पाठवायच्या असतात, म्हणून डाउनलोडबरोबर अपलोडचा वेगही विचारावा, आणि किती जीबीनंतर वेग कमी होतो तेही. ज्या घरी ही जोडणी आधीच आहे तेथे रात्री आठ ते दहा या वेळेत दूरसंचार नियामक ट्रायच्या मायस्पीड ॲपवर मोजून पाहावे, कारण तेव्हा सारे गाव नेटवर असते.

वर्षाचे पैसे आगाऊ भरू नयेत, ही माझी आग्रहाची विनंती आहे. आपल्या भागातील जोडणीची खरी परीक्षा जून ते सप्टेंबरमध्ये होते. तोवर महिन्याच्या हिशेबाने घ्यावे, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. पावसाळ्यात चालकाने कशी सेवा दिली ते पाहूनच वार्षिक सवलत घ्यावी.

मळ्यातील घराची वीजजोडणी गावठाणाच्या फीडरवर (वीजवाहिनीवर) आहे की शेतीपंपांच्या, हे महावितरणच्या शाखेत आताच विचारून घ्यावे, कारण त्यावर रोजचे भारनियमन अवलंबून आहे. डबी आणि राउटरला वीज फार थोडी लागते; १२ व्होल्टचा छोटा मिनी यूपीएस काही तास सहज निभावतो. वळवाच्या दिवसांत विजा कडाडू लागल्या की ॲडॅप्टर आणि टीव्हीची तार काढून ठेवावी. फायबर वीज वाहून नेत नाही, पण तिच्यासोबतची पोलादी तार नेते, म्हणून ती तार भिंतीबाहेरच संपवून फक्त काचेचा धागा आत घ्यावा.

आता प्लास्टरचे काम. बाहेरच्या भिंतीपासून बैठकीपर्यंत २५ मिलिमीटरचा पाइप, आत नंतर केबल ओढण्यासाठी ओढतार ठेवून, आजच टाकून घ्या. बाहेरचे तोंड खाली झुकलेले असावे, म्हणजे पाणी आत येणार नाही. काटकोनी वळणे टाळा, फायबरला काटकोन सोसत नाही. दगडी भिंतींमुळे एका राउटरचा वाय-फाय सगळ्या घराला पुरणार नाही. म्हणून मुलाच्या कामाच्या खोलीत आणि वरच्या मजल्यावर कॅट-६ ची (नेटची) तार भिंतीतून नेऊन ठेवावी. गच्चीवरून टीव्हीपर्यंत एक स्वतंत्र पाइप डिश अँटेनासाठी टाकावा. गवंडी हाताशी असताना याचा खर्च किरकोळ असतो. नंतर दगडी भिंत छेदणे फार त्रासाचे.

प्रश्न : वरीलसारखेच आमचे घर शिराळा तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी आहे. टीव्ही मुख्यतः आई-वडील पाहतात. डिश घ्यावी की इंटरनेटवरचा टीव्ही? डोंगरामुळे डिश चालणार नाही असे एकाने सांगितले. — एक वाचक, जि. सांगली

उत्तर : डिशच घ्यावी. वडीलधाऱ्यांना रिमोटवर एक आकडा दाबून वाहिनी लावायची सवय असते, आणि नेट बंद पडले तरी त्यांचा टीव्ही चालू राहतो. डोंगराची भीती बहुधा अनाठायी आहे. दूरदर्शनच्या मोफत सेवेचा, डीडी फ्री डिशचा, जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. तो सांगली-साताऱ्याहून आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंच दिसतो. इतक्या उंच आकाशाला दूरचा डोंगर आड येत नाही. जवळचे नारळाचे झाड किंवा गच्चीवरची पाण्याची टाकी मात्र येते. डिश पत्र्यावर न बसवता स्लॅबवर बोल्टने घट्ट बसवावी, कारण वाऱ्याने ती किंचित हलली तरी चित्र जाते. मुसळधार पावसात काही वेळ चित्र फुटणारच. ६० ऐवजी ९० सेंटिमीटरची डिश लावली तर ते प्रमाण कमी होते.

फ्री डिशला महिन्याचे पैसे नाहीत, सेट-टॉप बॉक्स आणि डिशचा खर्च एकदाच होतो, आणि दूरदर्शन सह्याद्री त्यावर मिळते. ठरावीक मराठी मालिका हव्या असतील तर सशुल्क डीटीएच घ्यावे लागेल. तेव्हा विक्रेत्याने पुढे केलेले मोठे पॅकेज तसेच स्वीकारू नये. २०१९ पासून हव्या त्या वाहिन्या सुट्या निवडण्याचा हक्क ग्राहकाला आहे. आई-वडील रोज काय पाहतात ते आठवडाभर टिपून ठेवा, यादी बहुधा छोटीच निघते.

प्रश्न : जत तालुक्यातील गावी कायमचे राहायला गेल्यावर मुंबईचा मोबाइल क्रमांक बदलावा लागेल का? बँक आणि आधार त्याच क्रमांकाला जोडलेले आहेत. — एक वाचक

उत्तर : नाही, क्रमांक बदलू नये. जुलै २०१५ पासून देशभर कोठेही क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते. गावात ज्या कंपनीचा सिग्नल घराच्या आत चांगला येतो तिचे स्वस्तातले एक सिम आधी घेऊन वापरून पाहावे. खात्री झाल्यावर जुन्या सिमवरून ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजीत, मग एक जागा सोडून आपला क्रमांक, असा संदेश १९०० वर पाठवावा. उत्तरात येणारा संकेतांक नव्या कंपनीला ओळखपत्रासह द्यावा. जुन्या कंपनीकडे ९० दिवस पूर्ण झालेले असावेत आणि पोस्टपेड बिल थकलेले नसावे. क्रमांक बदलीच्या दिवशी काही तास फोन बंद राहतो, तेव्हा त्या दिवशी बँकेचे कोणतेही काम ठेवू नये.