स्टॅटिक व्हेरिएबल किती काळ जिवंत राहते? वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : सी भाषेत फंक्शनच्या आत 'स्टॅटिक इंट मोजणी = 0;' असे लिहिले, तर प्रत्येक वेळी फंक्शन बोलावल्यावर मोजणी पुन्हा शून्य का होत नाही?

उत्तर : फंक्शनमधील साधी व्हेरिएबल्स सहसा स्टॅकवर (फंक्शन चालू असेपर्यंतच्या तात्पुरत्या मेमरीत) राहतात आणि फंक्शन परतताच त्यांची जागा मोकळी होते. स्टॅटिक व्हेरिएबलची जागा मात्र प्रोग्रॅम सुरू होतानाच राखून ठेवलेली असते आणि ती प्रोग्रॅम संपेपर्यंत सुटत नाही. '= 0' ही दर वेळी चालणारी आज्ञा नसून एकदाच, मेन हे मुख्य फंक्शन सुरू होण्यापूर्वी, दिलेली आरंभीची किंमत आहे. म्हणूनच अशा व्हेरिएबलचा पॉइंटर (मेमरीतील पत्ता) परत करणे वैध ठरते. पण सीच्या ग्रंथालयातील (तयार फंक्शनांच्या संचातील) 'लोकलटाइम'सारखे फंक्शनही असाच पॉइंटर देते, म्हणून त्याने दिलेली माहिती पुढच्या हाकेला पुसली जाऊ शकते, हे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : एएसपी डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्या तंत्रावर चालणाऱ्या संकेतस्थळावर लॉगिन केलेल्याचे नाव मी स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ठेवतो. कधी दुसऱ्याचेच नाव दिसते, तर कधी सकाळी ते रिकामे आढळते. असे का होते?

उत्तर : येथे दोन वेगळी दुखणी एकत्र आली आहेत. पहिले असे, की स्टॅटिक व्हेरिएबल वापरकर्त्याचे नसून संपूर्ण ॲप्लिकेशनचे असते. त्यामुळे शेवटी ज्याने लॉगिन केले, त्याचे नाव सर्वांना दिसते. हा केवळ दोष नव्हे, तर सुरक्षेतील भगदाड आहे, तेव्हा ते आधी बुजवावे. दुसरे असे, की आयआयएस (संकेतस्थळ चालवणारा मायक्रोसॉफ्टचा वेब सर्व्हर) मूळ मांडणीनुसार 20 मिनिटे एकही रिक्वेस्ट न आल्यास वर्कर प्रोसेस, म्हणजे संकेतस्थळाचा कोड चालवणारी प्रोसेस, बंद करते आणि वर्दळ चालू असली तरी 1740 मिनिटांनी, म्हणजे 29 तासांनी, ती नव्याने सुरू करते. जुन्या प्रोसेसबरोबर तिची सर्व स्टॅटिक व्हेरिएबल्सही जातात. रात्रभर शांत राहिलेल्या संकेतस्थळावर सकाळी नाव सापडत नाही, ते यामुळेच. वेबकॉन्फिग ही संकेतस्थळाच्या मांडणीची फाइल बदलली, तरी हेच घडते. वापरकर्त्याचे नाव सेशनमध्ये (सर्व्हर प्रत्येक वापरकर्त्यासाठी वेगळी ठेवतो त्या माहितीत) ठेवावे. मात्र प्रोसेसच्याच मेमरीत ठेवलेले सेशनही तिच्याबरोबर नाहीसे होते, म्हणून टिकायला हवी ती माहिती डेटाबेसमध्येच असावी.

प्रश्न : पीएचपीमध्येही असेच असते का?

उत्तर : नाही. एफपीएममध्ये (पीएचपीच्या प्रोसेस सांभाळणाऱ्या व्यवस्थेत) प्रोसेस पुढे चालू राहिली, तरी स्टॅटिक व्हेरिएबल रिक्वेस्टबरोबर संपते.

प्रश्न : जावामधील माझा स्टॅटिक मॅप वाढतच जातो. गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी आपोआप मोकळी करणारी यंत्रणा) तो साफ का करत नाही?

उत्तर : कारण त्याच्या दृष्टीने तो कचरा नाहीच. क्लासलोडर (क्लास मेमरीत आणणारा जावाचा भाग) क्लासला धरून ठेवतो, क्लास मॅपला आणि मॅप त्यातील प्रत्येक ऑब्जेक्टला. मुख्य ॲप्लिकेशनचा क्लासलोडर सहसा जेव्हीएम (जावा प्रोग्रॅम चालवणारी यंत्रणा) बंद होईपर्यंत हटत नाही. तेव्हा नको असलेल्या नोंदी स्वतः काढाव्यात किंवा मॅपला कमाल मर्यादा घालावी. मेटास्पेस (क्लासविषयीच्या माहितीची मेमरी) वाढवून काही साधणार नाही. मॅपमधील हे ऑब्जेक्ट हीपवर, म्हणजे ऑब्जेक्टसाठीच्या मेमरीत, असतात.