सामानापाशी राहणाऱ्यांचा वाटा

प्रिय बाळा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र परवा मिळालं. सुवार्तेसाठी आयुष्य द्यायचं ठरवलंस, ट्रेनिंग पुरं केलंस, आणि नेमणूक झाली ती ऑफिसात, व्हाउचर फाइल करायला. बरोबरीचे मित्र नंदुरबारकडच्या पाड्यांवर गेले, त्यांचे फोटो मंडळीच्या ग्रुपवर येतात आणि तू टॅली उघडून बसतोस. मन खट्टू होणारच. पण खरं बोलावणं तिकडे पाड्यावर आणि इकडे नुसती नोकरी, ही तू केलेली वाटणी मला मान्य नाही. माझी उभी हयात मिशन हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये आणि हिशेबखात्यात गेली. त्या कामाला मी सेवा म्हणतो ते मनाची समजूत घालायला नव्हे. ते काम नसतं, तर दारात आलेल्या आजारी माणसाला ख्रिस्ताची माया दाखवायला आमच्यापाशी कोरड्या शब्दांपलीकडे काही उरलं नसतं.

मिशनचा इतिहास आपण उपदेशकांच्या नावांनी पाठ करतो. बंगालमध्ये येऊन राहिलेले इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी, हे नाव तुला संडे स्कूलपासून ठाऊक आहे. आपल्या मराठीचं व्याकरण त्यांनी १८०५ मध्ये छापलं, शब्दकोश १८१० मध्ये. मराठीच्या या कामात त्यांना वैजनाथ पंडितांची मोठी मदत होती, हे फार थोडे सांगतात. बंगालमधल्या सेरामपूरचा त्यांच्या मिशनचा छापखाना चालवत होते विल्यम वॉर्ड, इंग्लंडातल्या डर्बी गावचे मुद्रक. पुढे आम्हाला छापणारा माणूस लागेल, असं कॅरींनी भारतात यायला निघण्यापूर्वीच त्यांना सांगून ठेवलं होतं. अक्षरांचे पंच, म्हणजे ज्यांवरून छपाईच्या अक्षरांचे साचे बनतात ते पोलादी ठसे, कोरले पंचानन कर्मकार यांनी आणि त्यांच्यामागून त्यांचे जावई मनोहर यांनी. मनोहर शेवटपर्यंत हिंदूच राहिले. त्यांच्या हातच्या अक्षरांतून शास्त्रलेख किती भाषांत छापले गेले, हे आठवलं की मिशनवर मिशनबाहेरच्या माणसांचं केवढं ऋण आहे ते कळतं.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी त्या छापखान्याला आग लागली. कागद, टाइप, कित्येक हस्तलिखितं जळून गेली. कॅरी तेव्हा कलकत्त्यात होते. ढिगारा उपसताना वॉर्ड यांना पोलादी पंच शाबूत सापडले आणि त्यांवरून नवे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, ओतायला लगेच सुरुवात झाली. नुकसान भरून काढायला पैसा उभा केला इंग्लंडातल्या केटरिंगचे पाळक अँड्र्यू फुलर यांनी. ते १७९२ पासून १८१५ मध्ये मरेपर्यंत कॅरींना पाठवणाऱ्या मिशनचे सचिव होते. हिंदुस्थान त्यांनी कधी पाहिला नाही. पत्रं लिहायची, मंडळ्यामंडळ्यांतून फिरून वर्गणी गोळा करायची, मिशनवर टीका झाली की उत्तर द्यायचं, हेच त्यांचं काम. त्यासाठी स्कॉटलंडच्या फेऱ्या पुन्हापुन्हा केल्या. खोल खाणीत उतरणाऱ्याचा दोर वर कुणीतरी धरून ठेवावा लागतो, हा दाखला त्यांचाच. कॅरींची बहीण मेरी अर्धांगाने वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली होती. तीही त्या दोराला हात लावून होती, प्रार्थनेने आणि कष्टाने लिहिलेल्या पत्रांनी.

इतक्या लांब जायची तरी काय गरज? मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहम देवनागरी खिळे घडवत होते. जावजी दादाजी तिथेच लहानपणी काम शिकले आणि १८६९ मध्ये त्यांनी निर्णयसागर छापखाना काढला. निर्णयसागरची अक्षरं डोळ्यांसमोर आण, म्हणजे मिशनच्या मागच्या खोलीत शिकलेलं कसब कुठवर पोचलं ते दिसेल.

आता केडगावचं बघ. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून मराठी बायबल केलं, हे आपण अभिमानाने सांगतो. पण ते छापलं कुणी? त्यांच्याच मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायका-मुलींनी. त्यांतल्या कितीतरी दुष्काळातून हाडांचे सापळे होऊन आलेल्या, कित्येक विधवा, आणि बहुतेकींच्या हाती त्याआधी पाटी-पेन्सिलसुद्धा आली नव्हती. खिळे जुळवणं म्हणजे काय, ते तुझ्या पिढीला दिसलं नाही म्हणून सांगतो. समोर खणाखणांची केस. देवनागरीला इंग्रजीसारखं थोड्या खणांत भागत नाही. जोडाक्षरं, काने, मात्रा, उकार, रफार, सगळ्यांना वेगळी जागा. एकेक खिळा चिमटीत उचलून स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या हातातल्या पट्टीत, लावायचा. शिशाच्या खिळ्यावर अक्षर उलटं असतं, ते तसंच वाचायची डोळ्यांना सवय लावायची. ओळ भरली की घट्ट करायची. मुद्रित, म्हणजे तपासायची कच्ची प्रत, काढायचं, चूक दिसली की तेवढा खिळा उपसून दुसरा बसवायचा. छपाई झाली की फर्मा, म्हणजे जुळवून आवळलेली पानं, सोडायचा, खिळे धुवायचे आणि एकेक खिळा ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचा, कारण पुढचं पान त्याच खिळ्यांतून उभं करायचं आहे. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत हे असं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. मुखपृष्ठावर त्या जुळारणींची नावं नाहीत. पण माझ्या आजीने ज्या वचनावर आयुष्य काढलं, ते तिच्या डोळ्यांपुढे आलं त्याच बोटांतून. आणि त्या मुलींसाठी रोज धान्य निवडणाऱ्या, दळणाऱ्या, मोठमोठी भांडी चुलीवर चढवणाऱ्या बायका त्यांच्याही मागे होत्या. त्यांना मी बायबलच्या कामापासून वेगळं काढू शकत नाही.

तू म्हणशील, काका, हे छापखान्याचं झालं. शास्त्रात व्हाउचर कुठे आहे? आहे. करिंथच्या मंडळीला पौलाने लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा, २ करिंथचा, ८ वा अध्याय नीट वाच. यरुशलेमच्या गरीब मंडळीसाठी जमलेली वर्गणी पौल एकट्याने नेत नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोन विश्वासी भाऊ पाठवतो, आणि कारणही देतो: एवढ्या मोठ्या रकमेच्या कारभारात कुणी आम्हाला बोल लावू नये, जे योग्य ते प्रभूच्या दृष्टीने आणि माणसांच्याही दृष्टीने व्हावं. त्या दोन भावांची नावं पौलाने दिलेली नाहीत. एक जण सुवार्तेसाठी सगळ्या मंडळ्यांत नावाजलेला, दुसरा पुष्कळ वेळा पारखून घेतलेला, एवढंच कळतं. दोन सह्यांचा चेक आणि ऑडिट यांचा उगम शोधायचा तर मी तिथे जाईन.

आज हे काम सोपं राहिलेलं नाही, म्हणून ते अर्ध्या मनाने करू नकोस. परदेशातून येणारी देणगी एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली येते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती पहिल्यांदा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते, दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, आणि प्रशासनावरचा खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. आधी ही मर्यादा ५० टक्के होती. दरवर्षी एफसी-४, म्हणजे त्या देणग्यांच्या हिशेबाचा फॉर्म, भरायचा, ३१ डिसेंबरच्या आत. नोंदणी पाच वर्षांची, तिचं नूतनीकरण वेळेवर करायचं. शिवाय धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्टचे ऑडिट केलेले हिशेब द्यायचे. यातलं एक कलम हुकलं, की पाड्यावरची शाळा, फिरता दवाखाना, वसतिगृहातली मुलं, सगळं एका पत्राने अडकू शकतं. तुझ्या मित्राची जीप गावात पोचते त्यात तुझ्या टेबलाचा वाटा आहे. कायदा नीट शिक, नियमांचं पुस्तक स्वतः वाच. कुणीतरी सांगितलं म्हणून भरू नकोस.

वाटा म्हणालो म्हणून दावीद आठवला. त्याचं सिकलाग गाव जळालं, बायकामुलं अमालेकी या शत्रू टोळीने नेली, सहाशे माणसं पाठलागाला निघाली आणि बसोर ओहोळापाशी दोनशे जणांची चाल संपली. ते सामानापाशी थांबले. जिंकून परत आल्यावर काही जण म्हणाले, हे आले नाहीत, यांना लुटीतलं काही द्यायचं नाही. दावीद म्हणाला, लढाईवर जाणाऱ्याचा जसा वाटा तसाच सामानापाशी राहणाऱ्याचा; आणि त्याने इस्राएलात तो नियमच करून टाकला. मला या उताऱ्यात सगळ्यात मोलाचं हेच वाटतं, की त्याने त्या दोनशे जणांचं नुसतं कौतुक केलं नाही, कायदा केला.

आणि इथे मला आपल्या मंडळ्यांशी भांडायचं आहे. उज्जीवन सभेला व्यासपीठावर शाल-श्रीफळ द्यायला आपण चुकत नाही. मागे तीन दिवस हजार माणसांचा स्वयंपाक करणाऱ्यांचा भविष्यनिर्वाह निधी भरला जातो का, ते कुणी विचारत नाही. दात्यालाही विहीर हवी असते, शाळेची खोली हवी असते, पाटी लावायला जागा हवी असते. क्लार्कचा पगार कुणालाच द्यायचा नसतो. म्हणून मिशनची ऑफिसं उपाशी राहतात, चांगली माणसं टिकत नाहीत, आणि मग हिशेब बिघडले की सगळे चकित होतात. तू पुढेमागे कमिटीवर जाशील. तेव्हा ड्रायव्हर, स्वयंपाकी, रात्रपाळीचा वॉचमन यांच्या पगाराचा विषय अजेंड्यावर पहिला घे. पडद्यामागचं काम पवित्र आहे असं म्हणत माणसाला कमी पैशांत राबवणं मला पाप वाटतं.

आमच्या हॉस्पिटलात एक मावशी होत्या, ऑपरेशनचे कपडे धुण्याच्या आणि ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेने जंतू मारायच्या यंत्राच्या, कामावर. ऑपरेशनच्या वेळी पेशंटवर घालायचे हिरवे ड्रेप धुऊन, वाळवून, ठरल्या घडीने ड्रममध्ये भरायच्या. ड्रम बाहेर आला की त्यावर चिकटवलेल्या, पुरेशी वाफ लागली की काळ्या होणाऱ्या पट्टीवरच्या रेघा काळ्या झाल्यात का ते खिडकीच्या उजेडात धरून बघायच्या. एकदा रेघा नुसत्या तपकिरी राहिल्या. आत टेबलावर पेशंट तयार होता, सर्जन हात धुऊन उभे होते, सिस्टरांची घाई चालली होती. मावशींनी ड्रम दिला नाही. "परत लावते," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा लावला. सर्जन थांबले. पुढे त्याच सर्जननी नव्या नर्सिंगच्या मुलींना सांगितलं, की इथे पहिली परवानगी मावशींची. मावशी प्रार्थनासभेत कधी तोंड उघडून प्रार्थना करत नसत. मला विश्वासूपणाचा अर्थ विचारशील तर मी तो तपकिरी पट्टीचा दिवस सांगेन.

म्हणून नाही म्हणायला शीक. साहेब असोत, पाळक असोत, बिलाशिवाय पैसे मागितले तर अदबीने नाही म्हण. एका कामासाठी आलेला निधी दुसऱ्या चांगल्या कामाकडे वळवा म्हणतील, तेव्हाही नाही म्हण. रागावतील. तू आवाज चढवू नकोस, फाइल दाखव.

उलट बाजूही सांगतो. मागे राहणाऱ्याच्या हाती किल्ली असते, आणि किल्ली माणसाला ताठ करते. गाडी कुणाला मिळेल, कुणाचं प्रवासबिल आज निघेल, स्टोअरचं कुलूप पाच वाजून पाच मिनिटांनी उघडायचं की नाही, हे तू ठरवणार. लांबच्या गावाहून आलेला सुवार्तिक तुझ्या टेबलासमोर ताटकळत उभा आहे आणि तू मान वर करत नाहीस, अशी वेळ आणू नकोस. त्याला आधी बसायला सांग, पाणी दे. बिल अपुरं असेल तर काय कमी आहे ते त्याच्याजवळ बसून लिहून दे. त्या माणसाला फॉर्म भरता येत नाही, पण चार तास चालून तो घरोघरी जातो. आणि वर्षातून एकदा तरी त्याच्याबरोबर जा. ज्या शाळेच्या तांदळाची बिलं तू पास करतोस, तिथल्या मुलांच्या पंगतीत बसून तोच भात खा. ऑफिसात बसणाऱ्याने ही सवय सोडली, की त्याला आकडे दिसतात आणि माणसं दिसेनाशी होतात.

देणगीची पावती मात्र कधीच घाईत फाडू नकोस. आमच्याकडे ऊसतोडीहून परतणारी एक बाई गरीब रुग्ण निधीसाठी रुमालाच्या गाठीतून पन्नास रुपये काढून द्यायची. तिला वाचता येत नव्हतं. मी तिचं पूर्ण नाव विचारून पावती लिहायचो आणि तिला वाचून दाखवायचो: अमुक हिने, अमुक कामासाठी, इतके रुपये दिले. ती ऐकून घ्यायची, पावती घडी करून त्याच रुमालात बांधायची. लाखाच्या देणगीची पावतीही मी त्याच पुस्तकातून फाडली आहे.

फील्डवर जाण्याची तुझी इच्छा मारून टाक असं मी म्हणत नाही. ती देवापुढे ठेव आणि सुपरिटेंडेंटांनाही स्पष्ट सांग. दोन-तीन वर्षांनी कदाचित जाशीलही. पण हातातलं काम वेटिंग रूम समजून करू नकोस. आणि पाड्यावरच्या फोटोंनी पोटात कालवलं, तर त्या मित्राला फोन लाव, त्याला काय कमी पडतंय ते विचार. मला वाटतं, प्रार्थनेच्या विषयांबरोबर तो तुला टायरचं किंवा पगाराच्या उशिराचंही सांगेल. त्याचं तू लगेच काहीतरी करू शकतोस.

आता मार्च तोंडावर आहे. कॅशबुक आणि बँक पासबुक महिन्याच्या शेवटी थांबून जुळवू नकोस, दर शनिवारी जुळव. जुने अॅडव्हान्स कुणाकुणाकडे बाकी आहेत त्याची यादी आत्ताच कर आणि प्रत्येकाला स्वतः भेट, नुसती नोटीस चिकटवू नकोस. ईस्टर झाल्यावर दोन दिवस काढून इकडे ये. येताना गेल्या वर्षीचा एफसी-४ आणि ऑडिटरचे शेरे घेऊन ये, आपण ओळीने बघू. काकू तुझी आठवण काढते, आणि घरी दे म्हणून तिने लोणच्याची बरणी भरून ठेवली आहे.

तुझा,
काका